लुईस ऑर्टिझ : फेऱ्या जिंकणारा, लढती हरणारा?

उजवा_हूक (धागाकर्ता):

मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटाचा इतिहास वाचताना एक कोडे मला वारंवार पडते. तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, पुढे फेलिक्स साव्होनने १९९२, १९९६ आणि २००० मध्ये तोच पराक्रम केला, आणि २००४ मध्ये अथेन्सला ओडलानियर सोलिसनेही सुवर्ण जिंकले. ज्या देशाने हौशी मुष्टियुद्धात वजनदार गटांवर असे राज्य केले, त्या क्यूबात जन्मलेल्या एकाही खेळाडूला व्यावसायिक हेवीवेटचे चार मोठ्या संघटनांपैकी एकीचेही पूर्ण विश्वविजेतेपद मिळालेले नाही.

स्टीव्हन्सन आणि साव्होन कधी व्यावसायिक झालेच नाहीत, त्यामुळे त्यांना बाजूला ठेवू. माझा प्रश्न लुईस ऑर्टिझबद्दल आहे. जन्म १९७९, कामाग्वे. हौशी कारकिर्दीत तीनशेहून अधिक लढती. २००९ मध्ये देश सोडला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मायामीत व्यावसायिक पदार्पण केले. २०२२ अखेर ३३ विजय, त्यांतले २८ नॉकआउट, आणि केवळ तीन पराभव : दोन तेव्हाचा विश्वविजेता देऑन्टे वाइल्डरकडून, एक अँडी रुईझकडून. विश्वविजेतेपदाच्या सर्वांत जवळ पोहोचलेला क्यूबन हेवीवेट बहुधा हाच. तरीही तो कमी कुठे पडला? वय, शैली, उत्तेजक चाचण्यांची प्रकरणे की प्रमोटरांचे राजकारण? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चहाबाज:

विषय चांगला आहे. मला मुष्टियुद्धातले काही कळत नाही, परंतु वादात रस आहे, म्हणून पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतो.

सदाशिवपेठी:

उत्तर एका शब्दात देता येते : वय. पदार्पणाच्या वेळी ऑर्टिझ तीस वर्षांचा होता आणि एकतिसावे पूर्ण व्हायला महिनाच उरला होता. वाइल्डरशी पहिली लढत झाली तेव्हा तो एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होता, दुसरीच्या वेळी चाळीस, आणि रुईझविरुद्ध त्रेचाळीस. हेवीवेट उशिरापर्यंत टिकतात हे खरे असले, तरी पंचविशी ते पस्तिशीचा काळ, ज्यात इतर योद्धे घडतात आणि कमावतात, त्यातला निम्मा याने हौशी गटात काढला. आणि तिथेही तो पहिला नव्हता. त्याच्याच वजनगटात सोलिस होता आणि राष्ट्रीय संघातली मोठ्या स्पर्धांची जागा सोलिसकडे जात असे. रांगेत दुसऱ्या क्रमांकावर उभे राहण्यात माणसाचे तारुण्य जाते.

यावर अधिक चर्चेची गरज आहे असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ:

सदाशिवपेठी यांनी दुकान दुपारी एकलाच बंद केले म्हणायचे!

मला वाटते मुद्दा शैलीचा आहे. आमच्याकडे कोल्हापुरात मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांत जो फरक, तोच इथे आहे. मातीत समोरच्याची पाठ टेकवल्याशिवाय निकाल नाही. मॅटवर एकेक गुण वेचून जिंकता येते. ऑर्टिझ ज्या काळात हौशी गटात खेळला, त्या काळात संगणकीय गुणपद्धत होती. पाच पंच बटणे घेऊन बसत, आणि साधारण एका सेकंदात तिघांनी एकाच खेळाडूचे बटण दाबले तरच गुण मिळे. या पद्धतीत प्रतिस्पर्धी खाली पडला तरी त्याला कारणीभूत ठरलेल्या ठोशाचा गुण एकच, साध्या जॅबइतकाच (पुढच्या हाताचा हलका, सरळ ठोसा). अथेन्सच्या वेळी लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची होती, म्हणजे एकूण आठ मिनिटे. व्यावसायिक विजेतेपदाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटे.

शरीराला आणि डोक्याला लागलेली ही सवय तिशीनंतर बदलणे सोपे नाही. खाशाबा जाधव मातीतून मॅटवर गेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. क्यूबन खेळाडूंना उलट्या दिशेचा प्रवास करावा लागतो आणि तो मला अधिक कठीण वाटतो.

उजवा_हूक:

कृष्णाकाठ, तुलना आवडली, पण एक शंका आहे. गुण वेचण्याची सवयच आड आली असती, तर ऑर्टिझचे ३३ पैकी २८ विजय नॉकआउटने कसे झाले? सोलिसला हरवणाऱ्या टोनी थॉम्प्सनला ऑर्टिझने मार्च २०१६ मध्ये सहाव्या फेरीत झोपवले. ब्रायंट जेनिंग्ज एप्रिल २०१५ मध्ये विश्वविजेत्या व्लादिमिर क्लिच्कोसमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑर्टिझने त्याला सातव्या फेरीत संपवले. हा बटणासाठी टिचक्या मारणारा खेळाडू नव्हे.

न्यूजर्सीकर:

३ मार्च २०१८ रोजी ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये मी ती पहिली लढत प्रत्यक्ष पाहिली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वरच्या मजल्यावरची स्वस्तातली जागा होती. तिथून रिंग पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसते, पण पायांची हालचाल मात्र टीव्हीपेक्षा स्पष्ट कळते.

पहिल्या चार फेऱ्यांत जवळजवळ काहीच घडले नाही आणि आमच्या रांगेतले लोक कुरकुरू लागले होते. प्रत्यक्षात त्या फेऱ्यांत ऑर्टिझ वाइल्डरला रिंगचा एकेक कोपरा नाकारत होता. डावखुऱ्या पवित्र्यात त्याचा उजवा पाय सतत वाइल्डरच्या डाव्या पायाच्या बाहेर राहत होता, त्यामुळे वाइल्डरचा प्रसिद्ध उजवा हात मारायला सरळ रेषाच मिळत नव्हती. ऑर्टिझ मागे सरताना एकदाच, अर्धे पाऊल सरत असे. तेवढ्यात ठोसा नाकासमोर येऊन संपायचा, आणि परतीच्या वाटेवर याचा डावा निघायचा. वजन त्याचे सुमारे २४१ पौंड, वाइल्डरचे सुमारे २१५, पण दमल्यासारखा वाइल्डरच दिसत होता.

पाचव्या फेरीत एकदा ती रेषा मिळाली आणि ऑर्टिझ खाली गेला. सातव्या फेरीत मात्र ऑर्टिझच्या उजव्या हूकने वाइल्डरचे गुडघे सैल झाले. शेवटचे अर्धे मिनिट वाइल्डर केवळ दोरांच्या आधाराने आणि मिठ्या मारून उभा होता. शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर हात आपटत ओरडत होता. तो कोणाच्या बाजूने होता हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आठव्या फेरीआधी डॉक्टरांनी वाइल्डरला तपासले, त्यात काही जादा सेकंद गेले, आणि त्यावरून अजूनही भांडणे होतात. मला स्वतःला त्या सेकंदांनी निकाल बदलला असे वाटत नाही. आठव्या फेरीत ऑर्टिझ पुढे सरसावलाच नाही, कारण सातव्या फेरीत त्याने स्वतःलाही रिकामे केले होते. तो हात खाली सोडून तोंडाने श्वास घेत होता, आणि हे वरच्या मजल्यावरूनही दिसत होते. दहाव्या फेरीत वाइल्डरने त्याला दोनदा पाडले आणि पंचांनी लढत थांबवली.

म्हणून माझे मत वय आणि शैली यांच्या मधले आहे. त्याची शैली उत्तम होती, पण ती बारा फेऱ्या चालवायला लागणारे इंजिन अडतिशीत उरले नव्हते.

सदाशिवपेठी:

म्हणजे वय. मी हेच म्हणालो होतो.

आकडेमोड:

सगळ्यांच्या मतांना छेद देणारी एक गोष्ट पंचांच्या कागदांवर आहे. तीनही पराभवांचे गुण मी मांडून पाहिले.

पहिली वाइल्डर लढत थांबली तेव्हा नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे ८५-८४ असा वाइल्डरचा एका गुणाचा निसटता लेखाजोखा होता. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात, पडल्यास दर वेळी आणखी एक कमी. प्रत्येक फेरी १०-९ धरली तर नऊ फेऱ्यांची बेरीज १७१ यायला हवी, येते १६९. म्हणजे दोन फेऱ्या १०-८ दिल्या गेल्या : पाचवी ऑर्टिझ पडल्याची, आणि सातवी, जिच्यात वाइल्डर न पडताही त्याचा एक गुण कापला गेलेला दिसतो.

दुसरी लढत २३ नोव्हेंबर २०१९, लास व्हेगास. सहा फेऱ्यांनंतर दोन पंचांकडे ५९-५५ आणि एकाकडे ५८-५६, सर्व ऑर्टिझच्या बाजूने. पहिल्या दोघांच्या मते त्याने सहापैकी पाच फेऱ्या जिंकल्या होत्या. सातव्या फेरीच्या अखेरीस उजव्या हाताचा एक ठोसा आला आणि सगळे संपले.

खरी गंमत तिसऱ्या पराभवात आहे. ४ सप्टेंबर २०२२, लॉस एंजेलिस, प्रतिस्पर्धी रुईझ. निकाल ११४-१११, ११३-११२, ११३-११२, रुईझच्या बाजूने. दुसऱ्या फेरीत ऑर्टिझ दोनदा पडला आणि सातव्या फेरीत एकदा. आता ११३-११२ हा आकडा उलगडा : बारा फेऱ्यांत रुईझच्या वाट्याला पाचच फेऱ्या येतात, ऑर्टिझच्या सात. पाडल्याबद्दल कापलेले तीन गुण त्याला बुडवतात. अर्थात त्रेचाळिसाव्या वर्षी, माजी विश्वविजेत्याविरुद्ध, तीनदा जमिनीवर जाऊनसुद्धा दोन पंचांच्या मते त्याने निम्म्याहून अधिक फेऱ्या जिंकल्या.

त्यामुळे इंजिन संपले होते हे न्यूजर्सीकरांचे म्हणणे किमान या लढतीला लागू होत नाही. दम संपलेला माणूस बारापैकी सात फेऱ्या जिंकत नाही. कृष्णाकाठ यांचा मुद्दा मात्र आकड्यांतून अधिक बळकट होतो, कारण जुन्या बटणांच्या पद्धतीत ते तीन वेळा पडणे म्हणजे फक्त तीन ठोसे ठरले असते.

चहाबाज:

मुष्टियुद्धाच्या धाग्यावर ताळेबंद मांडला जाईल असे वाटले नव्हते. आकडेमोड यांच्या घरी किराण्याची यादीही पंचांकडे जात असावी.

डॉ_मंजिरी:

धागाकर्त्यांनी उत्तेजक चाचण्यांचा उल्लेख केला आहे, तो तसाच सोडून देऊ नये. दोन प्रकरणे आहेत आणि ती एकाच तागडीत घालणे योग्य होणार नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये लतीफ कायोडेला पहिल्या फेरीत हरवून ऑर्टिझने डब्ल्यूबीए या संघटनेचा हंगामी पट्टा (पूर्ण विश्वविजेतेपदाच्या खालचा) जिंकला, पण चाचणीत नँड्रोलोन सापडले. हे ॲनाबॉलिक स्टिरॉइड आहे, स्नायू वाढवणारे, आणि त्याच्या बाबतीत फारशी सबब चालत नाही. निकाल रद्द झाला, पट्टा गेला, निलंबन झाले. २०१७ च्या प्रकरणात जी द्रव्ये आढळली ती क्लोरोथायझाइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. रक्तदाबासाठी ही औषधे आम्ही रोज लिहून देतो. लघवीचे प्रमाण वाढवून ती इतर द्रव्यांच्या खुणा पुसट करू शकतात, म्हणून ती प्रतिबंधित यादीत आहेत. रक्तदाबाचे औषध आधी जाहीर केले नव्हते, असा त्याच्या बाजूचा खुलासा होता. डब्ल्यूबीसी या दुसऱ्या मोठ्या संघटनेने दंड करून त्याला खेळू दिले, परंतु नोव्हेंबर २०१७ मधली वाइल्डरविरुद्धची नियोजित लढत हातची गेली आणि ती चार महिन्यांनी झाली.

एक गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून खटकते. चाळिशीकडे झुकलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा मनुष्य बारा फेऱ्यांच्या लढतीला उभा राहतो, आणि चर्चा फक्त त्याने अर्ज भरला की नाही याचीच होते.

रिकामटेकडा:

मंजिरीताई, संपूर्ण सहमत. तरीही पहिल्या प्रकरणामुळे माझी त्याच्याबद्दलची सहानुभूती निम्मी झाली. तीन पराभवांची हळहळ करताना कायोडेला कोणी आठवत नाही.

मायामीवासी:

माणूस समजून घ्यायचा असेल तर तो क्यूबातून का निघाला हे पाहावे लागेल. त्याच्या मुलीला एपिडर्मोलायसिस बुलोसा नावाचा आनुवंशिक विकार आहे, ज्यात कातडी नुसती घासली गेली तरी फोड येतात आणि जखमा होतात. तिच्यावर उपचार व्हावेत हे देश सोडण्याचे मुख्य कारण असल्याचे त्याने अनेकदा सांगितले आहे. तो होडीने निघून मेक्सिकोमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि पुढे इथेच प्रशिक्षक हर्मन कायसेडो यांच्या हाताखाली घडला. योगायोग असा की वाइल्डर मुष्टियुद्धाकडे वळला तोही मुलीच्या मणक्यातल्या जन्मजात व्यंगाच्या उपचारांसाठी पैसा हवा म्हणून. विशीत सुरुवात करून त्याने तीनेक वर्षांत बीजिंगचे कांस्यपदक मिळवले. एकाकडे बालपणापासूनचे शास्त्रशुद्ध शिक्षण, दुसऱ्याकडे उशिरा सापडलेला एक उजवा हात.

इथल्या क्यूबन वस्तीत ऑर्टिझबद्दल बोलताना लोक लढतींपेक्षा मुलीबद्दल आधी बोलतात, हे मी स्वतः ऐकले आहे. मायामीजवळच्या हायलीआत माझ्या नेहमीच्या कॉफीच्या खिडकीवरचे एक आजोबा तर त्याचे वयही मान्य करत नाहीत. त्यांच्या मते तो कागदापेक्षा बराच मोठा आहे. असे कुजबुजणारे पुष्कळ आहेत, पुरावा कोणाकडेच नाही.

सदाशिवपेठी:

आजोबांना माझा नमस्कार सांगावा.

कृष्णाकाठ:

मायामीवासी, तुम्ही शास्त्रशुद्ध शिक्षणाचा उल्लेख केलात म्हणून थोडे अवांतर. १९६२ मध्ये क्यूबाने व्यावसायिक खेळांवर बंदी घातल्यावर हौशी मुष्टियुद्धाची जी यंत्रणा उभी राहिली, तिचे श्रेय मुख्यतः प्रशिक्षक अल्सिदेस सागारा यांना दिले जाते. त्यांच्या जोडीला सोव्हिएत संघातून आंद्रेई चेर्वोनेन्को आले होते. मुलांना लहानपणीच क्रीडाशाळेत घ्यायचे, प्लाया हिरोनसारख्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध झुंजवायचे, आणि ठोसा मारण्याइतकेच ठोसा चुकवण्याला महत्त्व द्यायचे, अशी ती पद्धत. तिचा लाभ आपल्यालाही झाला. क्यूबाचे बी. आय. फर्नांडिस यांनी भारतीय संघाला अनेक वर्षे घडवले आणि २०१२ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदक जिंकले तेव्हा फर्नांडिस भारतीय संघासोबतच काम करत होते, आणि उपांत्य फेरीत विजेंदर हरला तोही क्यूबाच्या एमिलियो कोर्रेआकडूनच. विजेंदर व्यावसायिक झाला तेव्हा त्याचेही तिसावे वर्ष संपत आले होते. भारतीय वाचकांना ऑर्टिझची अडचण यावरून चटकन समजावी.

उजवा_हूक:

अवांतर असले तरी उपयोगी आहे. पण मूळ प्रश्नाकडे येऊ. सोलिसने अथेन्सचे सुवर्ण जिंकून २००६ च्या अखेरीस व्हेनेझुएलातून पळ काढला आणि पुढच्याच वर्षी हाम्बुर्गला पदार्पण केले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा, म्हणजे वय अडचणीचे नव्हते. मग त्याचे काय झाले?

न्यूजर्सीकर:

त्याचे पोट झाले!

गंभीरपणे सांगायचे तर, त्या पिढीत सोलिसइतके नैसर्गिक कौशल्य दुसऱ्या कोणाकडे नव्हते. २००१ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्याने ब्रिटनच्या ज्या डेव्हिड हे याला हरवले, तो पुढे हेवीवेटचा विश्वविजेता झाला. पण क्यूबात उठण्या-झोपण्याची आणि खाण्याची वेळ दुसरे ठरवत असत. ते दुसरे गेले आणि वजन वाढतच राहिले. १९ मार्च २०११ रोजी कोलोनला विताली क्लिच्कोविरुद्ध पहिल्याच फेरीच्या अखेरीस डोक्यावर ठोसा बसला, तोल सावरताना गुडघा दुमडला, आतला अस्थिबंध तुटला आणि लढत संपली. ती फेरी तोपर्यंत तो छान खेळत होता. नंतर थॉम्प्सनकडून २०१४ आणि २०१५ मध्ये हार. त्या मानाने ऑर्टिझने स्वतःला अधिक शिस्तीत ठेवले.

आकडेमोड:

क्लिच्को बंधूंचा हिशेब वेगळाच काढायला हवा. क्यूबाचा एलिसेओ कास्तियो २००५ मध्ये धाकट्या व्लादिमिरकडून हरला, हुआन कार्लोस गोमेझ २००९ मध्ये थोरल्या वितालीकडून, सोलिस २०११ मध्ये पुन्हा थोरल्याकडून. गोमेझ तर क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या लगेच खालच्या गटाचा) माजी विश्वविजेता होता. क्यूबाबाहेर आलेल्या हेवीवेट खेळाडूंची एक अख्खी पिढी त्या दोन भावांच्या दाराशी अडली. धागाकर्त्यांनी शैली, वय, राजकारण हे सगळे विचारले, पण समोर कोण उभे होते, हे विचारले नाही.

रिकामटेकडा:

राजकारणाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. २०१९ मध्ये ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे तेव्हाचा विश्वविजेता अँथनी जोशुआ याला न्यूयॉर्कमधल्या लढतीसाठी तातडीने प्रतिस्पर्धी हवा होता. ऑर्टिझच्या गोटाला लक्षावधी डॉलरचा प्रस्ताव गेला आणि त्यांनी तो नाकारला, अशा बातम्या तेव्हा सर्वत्र होत्या. ती जागा रुईझने घेतली, १ जूनला जोशुआला सातव्या फेरीत हरवले आणि एका रात्रीत तीन मोठे पट्टे मिळवले. ऑर्टिझने त्याऐवजी पुन्हा वाइल्डर निवडला. इथे ना वयाचा दोष ना बटणांचा. हा सरळ सरळ चुकलेला व्यवहार होता.

मायामीवासी:

चुकलेला व्यवहार हे आज म्हणता येते. तयारीला अपुरा वेळ, परका प्रमोटर, आणि जोशुआ त्या वेळी अपराजित. चाळिशीतल्या माणसाने, ज्याच्या घरी आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च आहे, अटी घासून घेतल्या तर त्याला दोष कसा द्यायचा?

रिकामटेकडा:

दोष देत नाही. पण पट्टा का मिळाला नाही, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर तेच आहे, हे मान्य करावे लागेल. रुईझ ऑर्टिझपेक्षा चांगला होता असे आकडेमोड यांचेच गणित सांगत नाही.

कृष्णाकाठ:

एप्रिल २०२२ मध्ये क्यूबाने आपल्या मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची परवानगी दिली आणि मे महिन्यात मेक्सिकोतल्या आग्वासकालिएन्तेस येथे पहिली मंडळी उतरलीही. त्यांत टोकियोचा हेवीवेट सुवर्णविजेता हुलिओ सेसार ला क्रूझ होता आणि तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. बंदी उठली, पण दार उघडण्याचे वय तेच राहिले. सदाशिवपेठी, तुमचा मुद्दा इथे मी बिनशर्त मान्य करतो.

सदाशिवपेठी:

नोंद घेतली आहे. धागा वाचनखूण म्हणून साठवत आहे.

चहाबाज:

इतके वाचल्यावर एखादी लढत पाहावीशी वाटू लागली आहे. माझ्यासारख्या नवख्याने कुठून सुरुवात करावी?

न्यूजर्सीकर:

जेनिंग्जपासून करा, कारण त्या रात्री सगळे काही त्याच्या मनासारखे झाले. पहिल्या फेरीत आक्रमण, मधल्या फेऱ्यांत संयम, आणि सातव्या फेरीत जेनिंग्ज आत शिरत असताना खालून आलेला डावा अपरकट. त्यानंतर १ जानेवारी २०२२ ची चार्ल्स मार्टिनविरुद्धची लढत पाहा, जिच्यात तो दोनदा पडूनही सहाव्या फेरीत जिंकतो. वाइल्डरची पहिली लढत शेवटी ठेवा, आणि पहिल्या चार फेऱ्यांत कंटाळा आला तर हातांकडे न पाहता ऑर्टिझच्या उजव्या पायाकडे पाहा.